थोरलीने लावलेली घंटा

थोरलीशी कोणी गोड बोलायला गेलं की तिला आधी संशय यायचा, आणि तो बहुतेक वेळा खरा निघायचा. हॅचरीतली माणसं तिला तोंडावर वहिनी म्हणायची आणि पाठ फिरली की फौजदारीण. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. अंड्यांचे ट्रे कुणी आपटले, हात न धुता कुणी मशीनच्या खोलीत शिरलं, की ती अशी काही झाडायची की माणूस आठवडाभर सरळ चालायचा. बरं, ती झाडायची ते खोटं नसायचं. म्हणूनच जास्त लागायचं.

हॅचरी सासूबाईंच्या नावावर होती आणि चालवायचा थोरला मुलगा, म्हणजे हिचा नवरा. तो छातीत कळ येऊन गेला, आणि दहनाहून परतलेली माणसं चहा पीत असतानाच ही मशीनची खोली बघायला गेली. यावरून नातेवाइकांनी तिला वर्षभर चघळलं. अंडी काही सुतक पाळत नाहीत, एवढंच तिचं उत्तर. त्यात तिचं काय चुकलं?

त्या खोलीत ओळीने उबवणीची मशीनं होती, कपाटाएवढी उंच, प्रत्येकात पंखा घरघरत असायचा. नवरा होता तेव्हा माणसं तासातासाला आत जाऊन काचेतून तापमान बघायची. थोरलीने ऑफिसातल्या जुन्या कंप्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. लग्नाआधी ती हेच काम करायची. काळ्या खिडकीत एक कमांड टाइप केली की सगळ्या मशीनचं तापमान खालोखाल दिसायचं. चित्र नाही, रंग नाही, नुसते आकडे. ती सकाळी आल्याआल्या पर्स खाली ठेवायच्या आधी ती कमांड द्यायची.

आता धाकट्याबद्दल. धाकटा म्हणजे तिचा दीर. भाऊ होता तोवर त्याने हॅचरीत पाय टाकला तो फक्त गाडीची किल्ली मागायला. भाऊ गेला आणि याला अचानक व्यवसायाचा पुळका आला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! त्याला त्या खोलीचा वास सोसायचा नाही. आणि थोरलीचं तोंड त्या वासाहूनही सोसायचं नाही. मग त्याने एक तोड काढली.

"वहिनी," तो एक दिवस ऑफिसात येऊन म्हणाला, "तुमचा तो काळा डबा क्लाउडला जोडा. देखरेखीची सेवा घेतलीय मी. तापमान वरखाली झालं की थेट माझ्या फोनवर घंटा वाजेल. घरबसल्या सगळं दिसेल."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही आराम करा ना. किती दिवस दगदग करणार!"

बघा, हे ते गोड बोलणं. थोरलीला सगळं लख्ख कळलं. आकडे याच्या फोनवर गेले की हिची गरज संपली. सासूबाईंनी अजून कारभार कुणालाच सोपवला नव्हता. जो सांभाळून दाखवेल त्याचा, असं त्या म्हणायच्या. हिला नवरा नव्हता, मूल नव्हतं, माहेरी भावजय दार अर्धंच उघडायची. हॅचरी गेली तर सकाळी उठून जायचं कुठे, हा तिचा प्रश्न होता. पण नाही म्हणावं तर धाकटा आईला जाऊन सांगणार, वहिनी काम अडवतात. नाक दाबून तोंड उघडवायचाच डाव होता तो.

"जोडते," ती म्हणाली. "मला येत नाही असं कुणी म्हणायला नको."

काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. सेवेकडून अक्षरांची एक लांबलचक चावी मिळाली, ती प्रोग्रॅमला दिली. मग परवानगी नाही असा संदेश. परवानगी द्यायची ती धाकट्याच्या खात्यातून, आणि धाकटा दोन दिवस फोन उचलेना. शेवटी उचलला तेव्हा म्हणाला, "एवढ्यासाठी फोन कशाला करता?" परवानगी मिळाली, आकडे निघाले, आणि सेवेने ते सगळेच्या सगळे परत केले. कारण काय, तर या नोंदींची वेळ अजून यायची आहे.

थोरली त्या ओळीकडे बघतच राहिली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. हॅचरीतली सगळी घड्याळं पुढे होती, बारा-पंधरा मिनिटं. नवऱ्याची ती पद्धत. माणसं वेळेवर यावीत म्हणून त्याने भिंतीवरचं, फाटकावरचं आणि कंप्युटरमधलंही घड्याळ पुढे लावलेलं. सगळ्यांना ते माहीत होतं, तरी सगळे त्याच वेळेने यायचे. कंप्युटर पुढची वेळ सांगत होता आणि क्लाउडला काही ते पटत नव्हतं.

घड्याळ मागे करणं हे दोन सेकंदांचं काम. तिच्या हातून ते होईना. त्यापेक्षा प्रोग्रॅममध्येच तेवढी मिनिटं वजा करावी म्हणून तिने लिहायला घेतलं, आणि नेमका तेव्हाच धाकटा आत आला. खुर्चीच्या मागे उभा राहून त्याने पडद्यावरची ओळ वाचली आणि हसला.

"अहो, घड्याळ चुकलंय. सरळ करा की."

"ते मुद्दाम लावलेलं आहे. यांनी."

"माहीत आहे मला. गाडीची किल्ली न्यायला आलो तरी उशीर झाला म्हणून फाटकात माणसांदेखत त्याने मला किती वेळा उभं केलंय. माझं घड्याळ बरोबर असायचं, वहिनी. त्याचं चूक." आणि तिच्या खांद्यावरून हात घालून त्याने माउस ओढला, वेळ दुरुस्त केली. "दादाला सगळ्यांच्या पुढे पळायची भारी हौस. गेलाही तसाच."

पडद्यावर आलेख उमटायला लागला. हिरव्या रेषा, प्रत्येक मशीनची एक. धाकट्याने टाळी वाजवली. "झालं! आता मशीनच्या खोलीत मला विचारल्याशिवाय जायचं नाही. दारं सारखी उघडून उगाच तापमान बिघडतं."

थोरलीने एक शब्द काढला नाही. ती गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय. तो गेल्यावर तिने घंटेच्या मर्यादा लावल्या. किती वर गेलं की वाजवायची, किती खाली आलं की वाजवायची, हे ठरवायचं काम तिच्याकडेच होतं; धाकट्याला त्यातलं काय कळत होतं! एरवी अंशभर इकडेतिकडे झालेलं अंड्याला चालतं. हिने केसाएवढी जागा ठेवली. दार उघडलं, वाजली. ट्रे फिरले, वाजली. कुणी मशीनजवळ शिंकलं तरी वाजेल अशी. दादा पुढे पळाला म्हणतोस काय? आता पळ तू.

आणि तो पळाला. पहिले दोन-तीन दिवस अंघोळीतून, जेवणावरून, मित्रांच्या बैठकीतून उठून हॅचरीत आला. प्रत्येक वेळी मशीन ठणठणीत. ऑफिसच्या काचेतून थोरली त्याची धावपळ बघायची आणि शांतपणे फायली लावायची.

"ही घंटा सारखी का वाजते?" त्याने मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणजे मशीनं बघणारा जुना माणूस, थोरल्याच्या वेळचा.

"वहिनींना विचारा. त्यांनीच लावलीय."

पण धाकट्याने तिला विचारलं नाही. तिला विचारणं म्हणजे हरणं. आणि तिलाही तेवढंच हवं होतं. येऊन एकदा म्हणू दे, वहिनी, हे कसं करायचं ते सांगा. एवढं एक वाक्य. त्यानंतर ती सगळं सरळ करून देणार होती, असं तिने स्वतःला बजावलं होतं. मग हळूहळू त्याचं धावणं थांबलं. आता सवय झाली असेल, असं तिला वाटलं. फोनची घंटा त्याने बंदच करून टाकली होती, हे तिला कुठून कळणार?

त्या दिवशी सुट्टी होती. मोठी तुकडी शेवटच्या टप्प्यात होती, कित्येक अंड्यांना आतून चोचीचा टोचा पडलेला, कान लावला तर चिवचिव ऐकू यायची. शेवटच्या दिवसांत अंड्यातलं पिल्लू स्वतःच गरम होतं आणि ती ऊब बाहेर टाकायला पंखा लागतो. पंखा थांबला की ती पिल्लं आपल्याच उबेने भाजतात. मशीनचा स्वतःचा भोंगा केव्हाच बिघडला होता. क्लाउड आलाय तर तो कशाला दुरुस्त करायचा, असं धाकटा म्हणालेला.

मिस्त्री जेवायला घरी गेला. थोरली ऑफिसात एकटी. सवयीने तिने कमांड दिली. ती तुकडी ज्यात होती त्या शेवटच्या मशीनचा आकडा, सदतीसच्या आसपास हवा तो, अडतीसच्या वर. थोड्या वेळाने पुन्हा दिली. अजून वर. असा सावकाश, न थांबता चढणारा आकडा म्हणजे पंख्याचा पट्टा गेला, हे तिला बघताक्षणी समजलं.

ती उठली आणि पुन्हा बसली.

त्याच्या फोनवर वाजत असेल आता, तिला वाटलं. येईल धावत. नाही आला तर फोन तरी करेल. विचारल्याशिवाय आत जायचं नाही म्हणाला ना? मग विचारू दे. तिने टेबलावरचा फोन जवळ ओढून ठेवला. एकोणचाळीस झालं. एकोणचाळीसला उठायचं, असं तिने ठरवलं होतं. मग ठरवलं, साडेएकोणचाळीसला. तिला राग होता, भयंकर राग, आणि त्या रागाखाली भीतीही होती, पण राग वरचढ होता. फोन वाजला नाही. चाळीस पार झालं तेव्हा ती खुर्ची पाडून धावली.

दार उघडल्यावर तोंडावर वाफ आली. पट्टा तुटून खाली पडला होता. तिने दारं सताड उघडली, हातात येईल तो पुठ्ठा घेऊन वारा घातला, ट्रे ओढून बाहेर काढले, बोटं पोळली. मिस्त्री परतला तेव्हा ती जमिनीवर ट्रेला कान लावून बसली होती. सकाळी ज्या ट्रेमधून गलका ऐकू येत होता त्यातून काहीच येत नव्हतं. एका अंड्यातून पिल्लाची चोच बाहेर आलेली, आणि ती तशीच राहिली होती.

संध्याकाळी सासूबाईंनी दोघांना समोर बसवलं. मिस्त्री दाराशी उभा.

"ती सेवाच बोगस आहे, आई," धाकटा म्हणाला. "घंटा वाजलीच नाही. मी त्यांच्यावर केस करतो."

वड्याचं तेल वांग्यावर! सासूबाईंनी हात पुढे केला. "फोन आण."

त्याने फोन दिला. सासूबाईंना क्लाउड कळत नव्हता, पण न वाचलेले संदेश त्यांना कळत होते. बोट वर सरकवत गेल्या, ते संपेचनात. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि धाकट्याकडे असं बघितलं की तो मान वर करेना.

"सारखी उगाच वाजायची," तो पुटपुटला. "म्हणून आवाज बंद केला."

"तुझ्या बापाने हे उभं केलं, भावाने वाढवलं, आणि तू आवाज बंद केलास." सासूबाईंनी फोन त्याच्याकडे ढकलला. मग त्या थोरलीकडे वळल्या. "उद्यापासून तू बघ सगळं. तुला तर आत जायचीच बंदी होती. तुला बिचारीला काय कळणार होतं?"

म्हणजे मिळालं. ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते हातात पडलं. काही बोलायची गरज नव्हती. मान खाली घालून बसायचं, झालं. मिस्त्री तिच्याकडे बघत होता. काळ्या खिडकीत काय दिसतं ते त्याला माहीत होतं, आणि तोही काही बोलणार नव्हता.

"कळलं होतं," थोरली म्हणाली.

"काय?"

"आकडा दिसत होता मला. अडतीसपासून चाळीसपर्यंत. मी बसून होते. आणि ती घंटा उगाच वाजायची ती मीच तशी लावली होती. भाऊजींना पळवायला."

सासूबाई म्हणाल्या, "पिल्लं होती गं ती," आणि उठून आत गेल्या.

धाकट्याच्या अंगात जीव आला. "ऐकलंस ना मिस्त्री? वहिनी, उद्यापासून हॅचरीत पाऊल टाकायचं नाही!"

"उद्या कशाला? आजच जाते. पण मर्यादा चुकीच्या आहेत, त्या तशा टाकून जाणार नाही. चला."

ती पुढे, तो मागे, असे दोघं ऑफिसात आले. तिने पोळलेल्या बोटांनी कमांड दिल्या, मर्यादा नीट लावल्या, एक खोटी नोंद पाठवून त्याचा फोन वाजवून बघितला. सगळं करताना ती त्याला अद्वातद्वा बोलत होती. तुमच्यासारखा आळशी मी पाहिला नाही, हे बटण दिसतं का, डोळे आहेत ना? तोही उलट बोलत होता. पण बघत होता.

"आता ही उगाच वाजणार नाही," ती उठत म्हणाली. "वाजली की असाल तिथून धावायचं."

ती दाराशी पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला. त्यात चढेलपणा नव्हता.

"वहिनी. आणि वाजलीच नाही तर? तर कसं कळायचं?"

थोरली थांबली. हाच प्रश्न त्याने दुपारी फोन करून विचारला असता, तर आज खोलीभर चिवचिवाट असता. तिला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि स्वतःचाही.

"आत जाऊन काचेतून बघायचं, भाऊजी," ती म्हणाली. "दर तासाला."