नाळ प्रयोगशाळेत नेली तेव्हा

ताई शाळेत असतानाच तिला साखर निघाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चांदवडला आमच्या घरी तेव्हा फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवलेली असायची आणि काचेची सिरिंज आई चहाच्या पातेल्याशेजारी उकळायची. ताई मांडीत सुई खुपसायची आणि माझ्याकडे तोंड करून वेडावून दाखवायची. रडायचे मी. तिच्या त्या सोसण्याचा मला भारी राग यायचा. माणसानं कधी तरी कुरकुर करावी की नाही?

पुढे मी विज्ञान शिकले ते तिच्यापायीच. दोन हजार साल उलटल्यावर नाशिकच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मला काम मिळालं. काम काय, तर जाळी तयार करायची. सिरिंजमध्ये गोंदासारखं द्रावण भरायचं, सुईच्या टोकाला विजेचा जबर दाब द्यायचा. मग केसाहून कितीतरी बारीक तंतू सुटतात आणि समोरच्या अॅल्युमिनियमच्या कागदावर एकमेकांत गुंतत जातात. हळूहळू दुधावरच्या सायीसारखा पांढरा थर धरतो. त्या थरावर मूळपेशी सोडायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं आणि इन्सुलिन करायला शिकवायचं. सपाट काचेवर त्या नुसत्या पसरतात. जाळीत त्यांना शरीरात असल्यासारखं वाटतं. पावसाळी हवेत तंतूंना गाठी पडत, आणि लोडशेडिंगमध्ये पेशींच्या उबेच्या कपाटाचा जीव टांगणीला लागे. तेव्हा मी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे.

आईला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मंजी द्राक्षाच्या वेलीला मांडव घालतात, तसं?"

"हो, तसंच."

"मंग मांडव तर झाला. घड कधी लागायचे?"



साखर आहे म्हटल्यावर ताईला बघायला आलेली माणसं चहा अर्धा टाकून उठत. शेवटी एका भल्या मास्तरांशी लग्न झालं. मूल होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईनं ऐकलं नाही. गरोदरपणभर बोटं टोचून टोचून तिनं साखर सांभाळली आणि नाशिकच्या एका दवाखान्यात तिला मुलगा झाला. दोघं धडधाकट. मी मास्तरांच्या गळ्यातच पडायची बाकी राहिले होते.

आम्हाला मूळपेशी नाळेतून मिळत. प्रयोगशाळेच्या सरांनी परवानगी दिली होती, ताईनं सही केली होती. अडून बसली ती आई. कोरं फडकं घेऊनच ती दवाखान्यात आली होती. आमच्याकडे वार आणि नाळ परसात पुरतात. पोर कुठंही गेलं तरी त्याला त्या मातीची ओढ राहते म्हणतात.

"नाळ काय काचंत घालायची वस्तू हाय?" ती माझ्यावर डाफरली. "लय शिकली म्हणून काय बी करशील व्हय?"

"आई, अर्धी तुला, अर्धी हिला," ताई पलंगावरून म्हणाली. "भांडू नका, मला हसवू पण नका. टाके दुखतात."

तशी वाटणी झाली. वार आणि नाळेचा एक तुकडा घेऊन आई चांदवडच्या बसमध्ये बसली, उरलेली नाळ बर्फाच्या डब्यात माझ्या मांडीवर. द्वारका चौकात माझी रिक्षा कांद्याच्या ट्रकमागे अडकली. मी डबा छातीशी धरून बसलेली पाहून रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, कुल्फी काय?"

"नाही हो, भाचा आहे."

त्यानंतर तो मागे वळून बघेना.

भाच्याच्या पेशी जाळीत छान रुजल्या. काही आठवड्यांनी त्यांचे लहान लहान पुंजके झाले. इन्सुलिन करणाऱ्या पेशी लाल करणारा एक रंग असतो. तो घातला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर पांढऱ्या गुंत्यात लाल ठिपके! मी सरांच्या आधी ताईला फोन केला.

बाळाला लशीचा डोस द्यायला ती नाशिकमध्येच आली होती, तशीच प्रयोगशाळेत आली. आई बाळाला घेऊन बाहेर बाकावर बसली. ताई सूक्ष्मदर्शकावर वाकून कितीतरी वेळ बघत राहिली.

"हे माझ्या पोराचं?"

"हो."

"आणि हे इन्सुलिन करतंय?"

"थोडंसं. पण करतंय."

तिनं मान वर केली. "मग दे की मला."

ती हसत होती, पण माझं मनगट तिनं घट्ट धरलं होतं. मी शास्त्र सांगत बसले. हे अजून उंदरालाही दिलेलं नाही. तुझ्या शरीरानं तुझ्याच पेशी मारल्या, ते या पेशींना सोडणार आहे थोडंच. आणि एवढ्याशानं तुझा एक घासही पचणार नाही. बोलता बोलता माझंच मला ऐकवेना.

"कळलं गं," ती म्हणाली आणि मनगट सोडलं.

जेवणाची वेळ झाली होती. बाहेरच्या खोलीत येऊन तिनं पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, पदर सारला, पोटाला टोचलं. पेनाचं टोपण लावता लावता म्हणाली, "क्षणभर वाटलं, पोरगंच मला पाजतंय."

तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं आणि ती लगबगीनं त्याच्याकडे गेली.

मी आत आले. रंग घातलेली ताटली ठेवून घेत नाहीत, नष्ट करतात. ते चिमूटभर लाल उचलून मला तिच्या पोटात ठेवायचं होतं. आयुष्यात याहून जास्त मी दुसरं काही मागितलेलं नाही. बाहेर बाळ प्यायला लागलं असावं, कारण एकदम शांत झालं. मी ताटलीचं झाकण काढलं आणि त्या पेशींवर ब्लीच ओतलं.