फोटोतली सरपंच

"आणि माझी इन्फॉर्मंट इथेच आहे. आजचे बटाटेवडेही तिनेच केलेत."

केतकीने हे जर्मनमध्ये सांगितलं. इन्फॉर्मंट, म्हणजे तिच्या अभ्यासाला माहिती पुरवणारी. अख्खा सेमिनार माझ्याकडे वळला. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात वड्यांची ताटली. मीही इथे पीएचडी करते, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर पुढची स्लाइड आली.

स्लाइडवर माझी आई होती.

जर्मनीतलं ड्रेस्डेन, दोन हजार सहा. आम्ही दोघी एकाच प्रोफेसरांकडे. विषयही एकच: वरचे अधिकार खाली दिले की खालचा कारभार कसा चालतो, पैसा कुठे जातो. माझ्याकडे सॅक्सनी राज्य आणि त्यातली छोटी गावं. केतकीकडे महाराष्ट्रातल्या पंचायती. ती पुण्याची. वडील मंत्रालयातून रिटायर झालेले, पंचायतींच्या फायली त्यांच्याच टेबलावरून जायच्या. मी मराठवाड्यातल्या एका बौद्धवाड्यातली.

खरं सांगते, मी केतकीवर जळायचे. तिच्या जर्मनवर. बरोबर जागी 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', टाकण्यावर. व्हिसा वाढवायला गेलो की ती काउंटरवरच्या बाईशी हवापाण्याच्या गप्पा मारायची आणि मी फाईल छातीशी धरून बसायचे. जळायचे, आणि तिला खूशही ठेवायचे. ती म्हणाली वडे कर, मी केले. हॉस्टेलच्या किचनमध्ये तिने आईबद्दल विचारलं, मी सगळं सांगितलं. फोटोही दिला.

फोटोत आई झेंड्याची दोरी धरून उभी आहे. पंधरा ऑगस्ट. राखीव जागेवर सरपंच झालेली. केतकीने मथळा दिला होता, 'सत्ता गावापर्यंत पोचली'.

झेंडा आईने फडकवलाच नव्हता. उपसरपंचाने फडकवला. आई बाजूला, पोरांच्या रांगेमागे. मग तालुक्याहून फोटोवाला आला. वर पाठवायला सरपंच बाईचा फोटो हवा होता. उपसरपंच म्हणाला, "ये गं, धर दोरी. ओढू नको." आईने धरली. ओढली नाही.

हे केतकीला शब्दन् शब्द माहीत होतं. कॉफीच्या सुट्टीत तिला गाठलं.

"अगं, एका स्लाइडवर किती मावणार? आणि यांच्यासमोर आपलंच वाईट कशाला दाखवायचं?"

आपलं म्हणे. वडे तळायचं काम मात्र माझं एकटीचं होतं.

सुट्टीनंतर एका छोट्या गावाची बुर्गरमाइस्टरिन बोलली. म्हणजे त्यांची सरपंचच. साधी बाई, पायात चिखलाचे बूट. म्हणाली, आमच्या कारखान्यांवर धंद्याचा कर किती लावायचा ते आमचं गाव ठरवतं. पाण्याची पाइपलाइन कुठून न्यायची तेही. एकदा वरून दबाव आला, कागदावर सही कर म्हणून. मी सही केली नाही. विषय संपला.

सही केली नाही! त्या बाईचा मला असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. केतकीवरचं जळणं त्यापुढे काहीच नाही. माझ्या आईने पाच वर्षं सह्याच केल्या. ग्रामसेवक रजिस्टर घेऊन यायचा, आत पाऊल टाकायचा नाही, उंबऱ्यावर ठेवायचा. ठरावाची जागा कोरी. आई जमिनीवर बसून नुकतीच शिकलेली सही एकेक अक्षर कोरत करायची. नळयोजना आली ती त्याच सहीवर, आणि पाइप गेला उपसरपंचाच्या मळ्यात. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन जाता जाता आईला म्हणायच्या, "सही तर तुझीच हाय."

प्रश्न विचारायची वेळ आली. मी उभी राहिले. जर्मन तुटकंमुटकं. म्हणाले, "फोटोतली बाई माझी आई आहे. झेंडा वर गेल्यावर तिच्या हातात दोरी दिली." मग रजिस्टरचं सांगितलं. पाइपचं सांगितलं.

केतकी हळूच मराठीत म्हणाली, "बस ना खाली, प्लीज."

"नाही बसत."

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांना म्हणाले, सॅक्सनी नको, मला माझ्या गावावर लिहायचंय. ते म्हणाले, "आल्झो, तर मग पुन्हा पहिल्यापासून." शिष्यवृत्ती वाढेलच असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. दुपारी फोनकार्ड खरवडून आईला फोन लावला. सगळं ऐकून तिने विचारलं,

"माझ्या सह्यांचं बी लिव्हणार?"

"लिहिणार, आई."

"मग हितं येऊन लिव्ह. तू तिकडून लिव्हशील अन् मार मी खाईन."

मी फोन ठेवला. केतकीने ड्रेस्डेनमध्ये बसून माझी आई वापरली होती. मीही तेच करायला निघाले होते.

आता मी गावी जातेय. माहितीच्या अधिकाराचा कायदा नुकताच आलाय. पहिला अर्ज माझा, माझ्या नावाने, वस्तीच्या पत्त्यासकट. नळयोजनेचा प्रत्येक ठराव मागणार. लोक म्हणतील, हिला पोटदुखी आहे. आहेच. एका बाईला नाही म्हणता येतं आणि माझ्या आईला येत नाही, याची पोटदुखी आहे. ती मला बरी करायची नाही. रजिस्टर उघडेपर्यंत मी पंचायतीच्या ऑफिसातून हलणार नाही.