न सारवलेली भिंत

मुंबईला चित्रकला शिकायला गेलो आणि घरचं काही दिसेनासं झालं. उन्हाळ्याच्या सुटीत शहाद्याजवळच्या आमच्या गावी आलो, ते प्रदर्शनासाठी चित्र करायचं ठरवून. तापीचा काठ हिंडलो, बैलगाडीने सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गेलो. कागद कोराच. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

एका दुपारी मागच्या पडवीत पाणी प्यायला गेलो आणि चुलीमागच्या भिंतीपाशी थबकलो. वहिनी ती शेणामातीने सारवायची. तिच्या तळव्याची अर्धवर्तुळं एकात एक गुंतत वर गेली होती. वरचा भाग धुराने काळवंडलेला, खाली पोपडे निघून पिवळी माती उघडी पडलेली. त्याच भिंतीला टेकून मी लहानाचा मोठा झालो होतो. पाहिली मात्र त्या दिवशी.

"मन्हं चित्र व्हई तोपावत हिले हात नको लावू, वहिनी," मी म्हणालो. तिने मान डोलावली.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. माहेरपणाला आलेल्या बहिणीसोबत तिची सासूही आली. सगळं घर सारवून झालेलं, तेवढी भिंत राहिलेली. विहीणबाई पडवीत आल्या, भिंतीकडे बघून पदराआड हसल्या. आई त्यांच्यादेखत वहिनीवर कडाडली, "आखाजी उनी अन् भित अशीच! हात मोडनात का तुन्हा?"

वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "ध्यानमा नही ऱ्हायनं, माय."

मी तिथेच रंग कालवत बसलो होतो. खरं सांगितलं असतं तर आईने संध्याकाळच्या आत भिंत सारवून घेतली असती, आणि धुराचा काळा रंग अजून मला साधला नव्हता. मी रंग कालवतच राहिलो. चोराच्या मनात चांदणं. पुन्हा मानही वर केली नाही. आमची सून आळशी, ही बातमी विहीणबाईंच्या गावी पोचली. तिची ती नजर आठवली की अजूनही मन खातं.

चित्राचं मुंबईत कौतुक झालं. पुढच्या सुटीत मोठ्या तोऱ्यात ते घरी आणून वहिनीपुढे धरलं. तिने पदराला हात पुसले, पण कागदाला लावले नाहीत. बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, आता हिला कळेल, आपल्या हातांत काय आहे ते.

"चांगलं काढं, भाऊ," ती म्हणाली. "ती भित ते मी तव्हयच सारवी टाकी. आते हाई कागदवरनी कशी सारवू?"