दोन तासांत दूध

भूमच्या एका दूध संस्थेत मी संकलनाचं काम बघत होतो. दूध नासायला लागलं तेव्हा अध्यक्षांनी पुण्याहून सल्लागार आणला. त्यानं आम्हाला तीन दिवस धाराशिवच्या हॉटेलात बसवून योजना करून घेतली. धार काढल्यापासून दोन तासांत प्रत्येक गावचं दूध शीतकरण केंद्रात आलं पाहिजे.

ही योजना सांगायला संस्थेतल्या सगळ्यांना बोलावलं. टेम्पो चालवणारे मामा उठून उभे राहिले. केस पिकलेला, कमी बोलणारा माणूस.

"साहेब, टेम्पो एकच अन् गावं सात. शेवटल्या गावात पोचायलाच दोन तास व्हत्यात. दुसरा टेम्पो द्या, न्हायतर तिथं दूध गार करायचा कूलर बसवा."

अध्यक्ष म्हणाले, "मामा, तुम्ही गाडी चालवा. संस्था आम्ही चालवतो."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. मामांचं खरं होतं हे मला पक्कं माहीत होतं, त्या रस्त्यानं मी कितीदा गेलो होतो.

दुसरा टेम्पो मागणं माझं काम होतं. मी मागितला नाही. मागितला असता तर योजनाच चुकली असं म्हटल्यासारखं झालं असतं. दर सोमवारी अध्यक्षांना दूध पोचल्याच्या वेळा कळवायच्या होत्या. मामा खऱ्या लिहून द्यायचे, मी त्या दुरुस्त करून पाठवायचो.

उन्हाळ्यात दूध पुन्हा नासलं. अध्यक्षांनी विचारलं, "वेळेत येतंय तर नासतंय कसं?"

माझ्या तोंडून पटकन गेलं, "मामा कॅन नीट धूत नाहीत."

त्यांना काढल्याचं पत्र मीच टाईप केलं. मामांनी ते दोनदा वाचलं.

"साहेब, कॅन तर गावातल्या केंद्रावर धुत्यात. म्या नुसता उचलतो. तुमाला ठावं हाय की."

"सही करा, मामा."

त्यांनी सही केली, टेम्पोची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. मी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही.

नवा ड्रायव्हर आला. त्यालाही तेवढाच वेळ लागायचा. मग मी उपाय काढला. लांबची दोन गावं बंद केली. राहिलेल्या पाच गावांचं दूध दोन तासांत यायला लागलं. आता वेळा दुरुस्त कराव्या लागत नव्हत्या.

आठवड्यानं शेवटच्या गावातली एक बाई एसटीनं कॅन घेऊन हापिसात आली. नवरा नव्हता, तीन म्हशी होत्या.

"आमचं दूध का घेत न्हायत?"

"ताई, तुमचं गाव आता योजनेत नाही."

"मग हे कुठं नेऊ?"

"परतीची बस दुपारी आहे. तोवर बाहेर सावलीत बसा."

ती बसली. दुपारपर्यंत दुधाला वास यायला लागला. तिनं ते गटारात ओतलं आणि रिकामी कॅन काखेत धरून स्टँडकडं निघाली. शिपाई म्हणाला, "साहेब, तिला चहा तरी पाजायचा का?" मी म्हटलं, "सवय लागेल."

वार्षिक सभेत अध्यक्षांनी मला शाल दिली. पुढच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेनं योजना कशी राबवायची हे सांगायला बोलावलं. मी गेलो आणि तासभर बोललो.