साडूंचं परराष्ट्र खातं

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात परराष्ट्र धोरण कळणारा एकच माणूस आहे, तो समुद्रपूरला किराणा दुकान चालवतो, आणि त्याची पदवी मी माझ्या टेबलाच्या खणात दाबून ठेवली होती. यातला पहिला आणि दुसरा भाग आमच्या सासुरवाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही, बायकोलाही नाही.

हा माणूस म्हणजे माझे थोरले साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो. वडील अचानक गेले म्हणून बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून ते दुकानाच्या गादीवर बसले, पण त्यांचं मन काही त्या गादीवर कधी बसलं नाही. पुड्या बांधायला नागपूरहून रद्दीचे गठ्ठे यायचे, आणि वाचल्याशिवाय एकही कागद फाडायचा नाही असा भाऊंचा नेम होता. गिऱ्हाईक जिऱ्यासाठी खोळंबलेलं आणि भाऊ कुठल्याशा तहाच्या चौथ्या कलमात अडकलेले, हे रोजचं दृश्य. रद्दी दीड-दोन महिने शिळी असल्यामुळे जगातली युद्धं समुद्रपुरात उशिरा सुरू होत आणि उशिराच थांबत. एकदा अशाच एका लढाईपायी त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. मी म्हटलं, भाऊ, ती लढाई तर केव्हाच मिटली, मी रेडिओवर ऐकलं. ते शांतपणे म्हणाले, "मिटली असन. आपल्याकडे अजून कागद आला नाई."

दुकानही ते परराष्ट्र खात्यासारखंच चालवत. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याशी त्यांचं पटत नसे, पण संक्रांतीला तिळगूळ स्वतः नेऊन देत आणि आल्यावर "बोलणी सकारात्मक झाली" असं सांगत. एकदा मी दुकानात बसलो असताना एका चांगल्या घरच्या म्हाताऱ्यानं साबणाची वडी हळूच पिशवीत सरकवली. मी पाहिली, भाऊंनीही पाहिली. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझा गुडघा दाबला आणि म्हणाले, "बावाजी, साबन पाहाले नेऊन राह्यले का? वास पसंत पडला त सांगजा." म्हातारा हसला, वडी परत ठेवून गेला. मग भाऊ माझ्याकडे वळले. "कोनालेही कोपऱ्यात नाई गाठाचं, साडभाऊ. पळाले वाट ठेवा लागते. देश असो का मानूस."

हे सगळं असंच आनंदात चाललं असतं. पण नव्वदीच्या सुमारास गावातल्या वाचनालयात बाहेरच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं आणि भाऊ प्रश्न विचारायला उठले. प्रश्न नदीच्या पाण्यावरच्या एका कराराबद्दल होता आणि व्याख्यानापेक्षा फारसा लहान नव्हता. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं आणि हसून विचारलं, "आपलं शिक्षण?" कोणीतरी मागून "साखर दोन किलो" म्हणालं. हशा झाला. भाऊ खाली बसले.

पुढच्या रविवारी ते एस.टी.नं वर्ध्याला माझ्या घरी आले, हातात तुरीच्या डाळीची पिशवी. मी तेव्हा एका कॉलेजात कारकून होतो. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, "साडभाऊ, तुमी कालेजात आहा. मले ह्या विषयातली डिग्री पाहून द्या, सस्तीतली. नोकरी नाई कराची, फक्त प्रश्न विचाराचा आहे." आणि खिशातून पुडीचा कागद काढून दिला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: आंतरराष्ट्रीय संबंध व सुरक्षा अभ्यास.

या पाच शब्दांनी पुढे वर्षभर घरात काय धुमाकूळ घातला! संबंध म्हटल्यावर आमच्या सासूबाईंना एकच अर्थ ठाऊक. थोरले जावई लेकीसाठी परदेशात स्थळ पाहून राह्यले, असं त्यांनी घेतलं आणि डोळ्याला पदर लावला. पोरगी तेव्हा सातवीत होती. "इतक्या दूर देता काऊन? सणावाराले कशी येईन ते?" असं त्या मलाच विचारत. दुसरीकडे, माझ्यावर विसंबून न राहता भाऊंनीही गावोगावच्या संस्थांना कार्डं धाडली होती. नागपूरच्या एका संस्थेनं मुलाखतीला बोलावलं. भाऊ इस्त्रीचे कपडे घालून, मॅट्रिकचं सर्टिफिकेट फायलीत घालून गेले. तिथं त्यांची छाती मोजली, उंची मोजली आणि मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या. ती संस्था बंगल्यांना आणि गोदामांना चौकीदार पुरवणारी होती. दुसरा कोणी वैतागला असता. भाऊ तिथून एक शिट्टी घेऊन आले, आणि तेव्हापासून दुकानात दोन गिऱ्हाइकं भांडायला लागली की शिट्टी वाजवून युद्धविराम जाहीर करू लागले. म्हणत, सुरक्षेचा अभ्यास तर झाला, आता फक्त संबंध राहिले.

आणि संबंध माझ्या खणात होते. भाऊ येऊन गेल्यावर मी एका मुक्त विद्यापीठाला पत्र टाकलं होतं. पंधरा दिवसांत कॉलेजच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. माहितीपत्रक, फॉर्म, सगळं. राहिलेली बी.ए. टपालानं पुरी करता येत होती, पुढे अगदी तोच विषय घेता येत होता, आणि फी दुकानदाराला हप्त्यानं सहज झेपेल अशी. मी पाकीट दोनदा वाचलं आणि खणात ठेवलं.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. दोन साडू म्हणजे तराजूची दोन पारडी असतात. सासरे पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे कॉलेजवाले जावई," आणि मग जरा खालच्या आवाजात, "हे दुकानवाले." मी थर्ड क्लास बी.कॉम. त्या एका 'कॉलेजवाले' शब्दावर माझं पारडं खाली टेकलेलं होतं. भाऊंना एवढ्या लांब नावाची पदवी मिळाली असती, तर माझं पारडं सासूबाईंच्या माळ्यावर जाऊन अडकलं असतं. पुढच्या आठवड्यात देऊ म्हणता म्हणता शेवटची तारीख गेली. भेटले की भाऊ विचारत, "काही कागद?" मी म्हणे, हे सगळं दिल्लीलाच आहे भाऊ, फार महाग आहे. ते मान हलवत. चारेक वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं.

पोरगी मोठी झाली, बापाच्या रद्दीवर वाढलेली. बी.ए. झाल्यावर वर्ध्याच्या एका सायबर कॅफेत बसली आणि अर्ध्या तासात कागद छापून घेऊन आली. त्या रविवारी मी दुकानातच होतो. तेच विद्यापीठ, तोच विषय, कोपऱ्यातलं तेच चिन्ह. ती सहज म्हणाली, "मावसाजी, हा कोर्स त मी शाळेत होती तेव्हापासून आहे म्हंते. तुमाले तेव्हा काऊन नाई सापडला?"

मी समोरच्या गिरणीकडे पाहत राहिलो. भाऊ धण्याची पुडी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "त्या टाइमाले टपालाचे लय हाल होते, बेटा," ते म्हणाले. "कागद पोचतच नव्हते." आणि धाग्याची गाठ मारून झाल्यावर त्यांनी हळूच माझा गुडघा दाबला.

पोरगी टपालानंच शिकली आणि पास झाली. तिची पदवी गादीच्या वर, शिट्टीच्या शेजारी, चौकटीत लावली आहे. तिची पुस्तकं भाऊंनी तिच्या आधी वाचली, आणि त्या दुकानात न फाडलेला कागद तेवढाच. वाचनालयात आता व्याख्यान असलं की बापलेक पुढच्या रांगेत बसतात. ती उठून सांगते, "माझ्या बाबांचा एक प्रश्न आहे," आणि भाऊ तो सावकाश, पूर्ण विचारतात. मध्ये कोणी हसत नाही. घरी येताना त्यांचा चेहरा तह झाल्यासारखा असतो.

ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे, फॉर्म कोराच. भाऊंनी मला वाट ठेवली आणि मी त्या वाटेनं इतकी वर्षं पळतो आहे. मी त्यांचं एक वाक्य देणं लागतो: भाऊ, कागद आला होता.