सर थिएटरमध्ये नव्हते

तिला सगळे बारकी म्हणत. ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहायला तिला पायाखाली लाकडी पाट लागे, म्हणून सिस्टरांनी ठेवलेलं नाव. सर्जरी विभागात ती शिकाऊ डॉक्टर होती. घरात तिच्याआधी कुणी डॉक्टर नव्हतं. आईवडील लहानपणीच गेलेले. तिला वाढवलं, शिकवलं ते आत्याने. आत्याचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून ती रस्त्यापलीकडच्या दुकानदाराशी खुशाल गप्पा मारायची.

विभागाचे प्रमुख म्हणजे मोठे सर. बोलणं असं गोड की पेशंटच्या डोक्यावर हात ठेवून "मी आहे ना" म्हणाले, की त्याची निम्मी भीती तिथेच पळायची. पण पेशंटला भूल चढली आणि सरांनी पहिला छेद घेतला, की त्यांची नजर घड्याळाकडे जाई. "चालू द्या, मी आलोच," म्हणून ते आपल्या खासगी दवाखान्यात निघून जात. ते येत पेशंट वॉर्डात पोचल्यावर. मधलं सगळं शिकाऊ मुलांनी निभवायचं.

मुलांना त्यात काही गैर वाटत नसे. दुसरीकडे वर्षानुवर्षं नुसती चिमटे धरायची कामं. इथे सुरी हातात मिळायची. "आपल्याला लॉटरी लागलीय, बारके," तिच्या बरोबरीचा लंबू म्हणे.

एकदा एका बाईचं पित्ताशय काढताना रक्त थांबेना. बारकीने सरांना फोनवर फोन लावले, ते उचलेनात. शेवटी भूल देणाऱ्या मॅडम दुसऱ्या विभागातल्या सर्जनना हाताला धरून घेऊन आल्या. बाई वाचली. कपडे बदलून बारकी तशीच कॉलेजच्या डीनच्या खोलीत गेली.

"पेशंटला वाटतं ऑपरेशन सर करतात. सर तिथे नसतातच," ती म्हणाली. "आम्ही करू, शिकू. पण ते निदान इमारतीत तरी असावेत."

डीननी तिला बसवलं, पाणी दिलं. "बरं झालं बोललीस. असंच मोकळेपणाने बोलत जा. मी बघतो."

त्यांनी काय बघितलं ते लवकरच कळलं. बारकीची रवानगी ड्रेसिंगच्या खोलीत झाली. "तुला जरा ताण आलाय, बाळ. थोडे दिवस हलकं काम कर," सर मायेने म्हणाले. लंबू मात्र फुरंगटून बसला. "तुझ्यापायी उद्या आमच्याही हातातलं काम गेलं तर?"

त्याच सुमारास आत्याच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडची, जिवाला धोका नव्हता, पण काढायला हवी होती. बारकी दुसऱ्या हॉस्पिटलात चौकशी करत होती, तोवर आत्या मोठ्या सरांना भेटूनही आली.

"काय माणूस आहे गं! तुझी आत्या म्हणजे माझी बहीण, म्हणाले."

बारकीने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. सर मध्येच जातात, शिकाऊ मुलं ऑपरेशन करतात, आवाजाची नस त्या गाठीला चिकटून असते.

"तुझं त्यांच्याशी बिनसलंय ते कळतं गं मला," आत्या म्हणाली. "म्हणून मी माझा गळा कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या हाती देऊ?"

मग बारकी सरांकडे गेली. अक्षरशः हात जोडले. "सर, तेवढं संपेपर्यंत थांबाल ना?"

"हे काय विचारणं झालं?" सर म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत घेतलं नाही. ती पेशंटच्या घरची होती. ती बाकावर बसून राहिली. थोड्याच वेळात बाजूच्या दाराने सर बाहेर आले. हातात गाडीची किल्ली. ती धावत गेली.

"सर, आत्या?"

"मुख्य काम झालंय गं. लंबू नुसतं शिवून घेतोय."

ती दार ढकलून आत शिरली. गाठ अजून गळ्यातच होती. लंबूच्या कपाळावरून घाम निथळत होता. "बाहेर जा, बारके," तो मान वर न करता म्हणाला. सिस्टरने तिला दंडाला धरून बाहेर आणलं. ओरडावं तर आत्याच्या गळ्यावर सुरी होती.

आत्या शुद्धीवर आली, पण तोंडातून नुसती कुजबुज निघाली. सूज आहे, उतरेल, असं सर म्हणाले. सूज उतरली, आवाज आला नाही. तपासणीत कळलं, नस कापली गेली होती.

बारकीने पुन्हा तक्रार केली. या वेळी समिती बसली. सर शेवटपर्यंत हजर होते, असं लंबूने सांगितलं. सिस्टरला काही आठवत नव्हतं. आत्यालाही बोलावलं. तिचं ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "माझी काही तक्रार नाही," ती म्हणाली. "साहेबांनी खूप केलं."

घरी आल्यावर बारकी रडकुंडीला आली. "आत्या, असं का बोललीस?"

"तू खरं सांगत होतीस, कळलं मला," आत्या पुटपुटली. "पण तुझ्या परीक्षेच्या कागदावर सही कुणाची लागते? त्यांचीच ना? माझा आवाज काय परत येणार आहे?"

अशा ऑपरेशनमध्ये असं कधीकधी होतंच, असा निष्कर्ष समितीने काढला. बारकीला मात्र वरिष्ठांशी कसं वागावं याच्या वर्गाला बसायला सांगितलं. ती बसली.

काही दिवसांनी लंबू ड्रेसिंगच्या खोलीत आला. ती एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धूत होती. तो दारातच उभा राहिला. डोळे खोल गेले होते.

"उद्या परत थायरॉईड लावलंय माझ्याकडे," तो म्हणाला. "मला झोप येत नाही गं. सांगू का सरांना, थांबा म्हणून?"

"सांग."

"तू सांगितलंस. काय झालं?"

"दुखतंय का, बाबा?" बारकीने म्हाताऱ्याला विचारलं आणि नवी पट्टी उलगडायला घेतली. लंबू ऑपरेशन थिएटरकडे निघून गेला.