वारुळापाशी घेतलेला तास

लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आमच्या गावात नव्या पाट्या आल्या, नवे साहेब आले. पाऊस तेवढा यायचा राहिला. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. साहेबांना नव्या जिल्ह्याचं नाव काढायचं होतं, म्हणून प्रत्येक मास्तरनं नसबंदीच्या दोन केसेस आणायच्या, असा हुकूम सुटला. मी घरोघर लहान कुटुंबाचे फायदे सांगत फिरायचो. आमच्या घरात तीन मुली, आणि मुलासाठी चौथ्यांदा बघायचंच, हा आईचा हट्ट. बायकोच्या अंगात रक्त नाही, आता जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण आईसमोर माझी दातखीळ बसायची.

नागपंचमीला बाया वारूळ पुजायला निघाल्या, तसा मीही गेलो. दूध इतकं पातळ, की नागानंही नाक मुरडलं असतं. तिथं माझ्यातला मास्तर उसळला.

"हे घर नागाचं नव्हे, वाळवीचं. आत राणी असते. लग्न झालं की पंख गळतात. पंखांचं बळसुद्धा पहिल्या पिलांच्या पोटात जातं. मग पोट एवढं फुगतं की हलता येत नाही. रोज हजारो अंडी घालते, तरी वर्षानुवर्षं जगते!"

आईनं लाह्यांची वाटी खाली ठेवली. "ऐकलंस का गं? हजारानं! अन् तुला चौथं जड व्हायलंय."

सगळ्या बाया बायकोकडं बघू लागल्या. वर्गात माझा मुद्दा इतक्या लवकर कुणाला कधी पटला नव्हता.

बायको हळद वाहत होती. मान वर न करता तिनं मला विचारलं, "तिला चारतं कोण?"

"कामकरी."

"पिल्लं कोण संभाळतंय?"

"कामकरीच."

"म्हणून जगती, आत्याबाई. तिला बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी हापशावर नंबर लावावा लागत न्हाई."

आईनं लाह्यांची वाटी पुन्हा उचलली. बायको माझ्याकडं वळली. "आवो, अन् राजा काय करतो?"

पुस्तकात होतं ते सांगणं भाग होतं. "राजा... जवळ बसून असतो."

"हाव, तसला आमच्यात बी हाय."

बाया हसून हसून वारुळावर कलंडल्या.

पुढच्या शिबिरात माझ्या दोन केसेसपैकी एक मीच होतो. आदल्या संध्याकाळी आईला सांगून टाकलं. तिनं भांडी जोरात आपटली.

शिबिरातून फेंगडा चालत घरी आलो. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली. बायकोनं घागर उचलली, तेवढ्यात आईनं ती तिच्या हातून ओढून घेतली, डोक्यावर चुंबळ ठेवली, बाजेवर पडलेल्या माझ्याकडं एक नजर टाकली आणि म्हणाली,

"राजा बसलाय. तू दुसरी घागर घे, बाई. चल, आपण कामकरी."